सांडपाणी समुद्रात सोडल्यावर पुढे कुठे जाते?

३० जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमधील पुरुषांची ट्रायथलॉन त्या दिवशी सकाळी व्हायची होती. पोहण्याचा टप्पा सीन नदीत होता. पहाटे निर्णय जाहीर झाला, शर्यत एक दिवस पुढे ढकलली. कारण नदीचे पाणी. २६ जुलैला उद्घाटन सोहळा भर पावसात झाला, दुसऱ्या दिवशीही पाऊस राहिला आणि शहराच्या जुन्या गटारांतले मैलापाणी पावसाच्या पाण्याबरोबर नदीत उतरले. नदी पोहण्याजोगी करण्यासाठी त्याआधी सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले होते. जादा पाणी साठवून ठेवायला ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ ५० हजार घनमीटरची भूमिगत टाकीही बांधली होती. तरी खेळाडूंना थांबावे लागले. अखेर ३१ जुलैला पुरुष आणि महिला, दोन्ही गटांच्या शर्यती त्याच नदीत पार पडल्या.

या सगळ्या गडबडीत एक साधी गोष्ट बाजूला पडली. पाण्यात मैल्याचे जीवाणू किती आहेत हे कळायला नेहमीच्या चाचणीत १८ ते २४ तास लागतात. नमुना घ्यायचा, पोषक द्रव्यावर ठेवायचा, ऊब द्यायची, ई-कोलायच्या वसाहती वाढू द्यायच्या आणि मग त्या मोजायच्या. अहवाल हातात येतो तेव्हा तो कालच्या पाण्याचा असतो. काल चाचणीत नापास झालेले पाणी एव्हाना वाहून गेलेले असते. काल पास झालेल्या पाण्यात आज पहाटेच एखाद्या नाल्याचा लोंढा मिसळलेला असू शकतो. चौपाटीवर ‘आज पाण्यात उतरू नका’ असा फलक लावायचा तर तो कालच्या आकड्यावर लावावा लागतो. फलक लावणाऱ्यालाही हे ठाऊक असते.

म्हणून गेल्या वीसेक वर्षांत चाचणीच्या जोडीला अंदाज आला. आज पाऊस किती झाला, वारा कुठून आहे, भरती कधी आहे, पाणी किती गढूळ आहे, यावरून आत्ता या क्षणी पाण्यात जीवाणू किती असतील ते गणिताने काढायचे. हवामान खात्याने पावसाचा अंदाज सांगावा, तसाच हा सांडपाण्याचा अंदाज. अलीकडे हे गणित मांडण्याचे काम मशीन लर्निंगकडे, म्हणजे जुन्या नोंदी वाचून स्वतःच त्यातले नाते शोधणाऱ्या संगणक प्रणालींकडे जाऊ लागले आहे. या प्रणालींवर किती भरवसा ठेवायचा, हे समजायला आधी सांडपाणी पाण्यात शिरल्यावर नेमके काय करते ते पाहावे लागते.

धुरासारखे वर चढणारे पाणी

मुंबईचे उदाहरण जवळचे. वरळी आणि वांद्रे येथून शहराचे मैलापाणी समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यांतून खोल नेऊन सोडले जाते. वरळीचा बोगदा किनाऱ्यापासून सुमारे ३.४ किलोमीटर, तर वांद्र्याचा सुमारे ३.७ किलोमीटर लांब आहे. या टोकाला महापालिकेच्या भाषेत पातमुख म्हणतात. दोन्ही कामे जागतिक बँकेच्या मदतीने १९९०च्या दशकात हाती घेतलेल्या मलनिस्सारण प्रकल्पातली. समुद्रात सोडण्याआधी या पाण्यावर होणारी प्रक्रिया वर्षानुवर्षे प्राथमिकच राहिली. जाळ्यांतून कचरा अडवायचा, रेती खाली बसू द्यायची. पुढचे काम समुद्रावर सोपवलेले.

समुद्र ते काम कसे करतो? समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन साधारण १,०२५ किलो असते. सांडपाणी मुळात गोडे पाणी असल्याने त्याचे वजन १,००० किलोच्या आसपास. फरक अवघा अडीच टक्क्यांचा, पण तेवढा पुरतो. तळाशी असलेल्या तोट्यांतून बाहेर पडलेले सांडपाणी हलके असल्याने वर चढू लागते, अगदी चुलीवरून निघालेल्या धुरासारखे. चढता चढता ते कडेने आजूबाजूचे खारे पाणी आत ओढून घेते. झोत रुंदावत जातो आणि पातळ होत जातो. १९५६ साली ब्रूस मॉर्टन, जेफ्री टेलर आणि स्ट्युअर्ट टर्नर या तिघांनी याचे गणित मांडले. झोताच्या कडेने आत शिरणाऱ्या पाण्याचा वेग हा झोताच्या त्या ठिकाणच्या वेगाच्या ठरावीक प्रमाणात असतो, हे त्यांचे गृहीतक. ज्वालामुखीच्या राखेच्या ढगापासून कारखान्याच्या धुरापर्यंत आणि मैलापाण्याच्या पातमुखापर्यंत हेच गृहीतक आजही वापरात आहे. इतक्या साध्या कल्पनेने इतकी वर्षे टिकावे, हे या शास्त्रातले एक आश्चर्यच.

वर चढण्यासाठी जितकी खोली जास्त, तितके सांडपाणी अधिक पातळ होते. अमेरिकेतील बोस्टनने याचा पुरेपूर फायदा घेतला. तिथल्या डीअर बेटावरील प्रक्रिया केंद्रातले पाणी ६ सप्टेंबर २००० पासून सुमारे १५ किलोमीटरच्या बोगद्याने मॅसॅच्युसेट्स उपसागरात सुमारे ३० मीटर खोलीवर सोडले जाते. बोगद्याच्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ५५ उभ्या नळ्या आहेत आणि प्रत्येकीच्या डोक्यावर अनेक तोट्या. २००१ मध्ये या पाण्यात मुद्दाम रंगद्रव्य मिसळून बोटींतून त्याचा माग काढण्यात आला. प्रयोगशाळेत आधी केलेल्या छोट्या प्रतिकृतीवरून काढलेले अंदाज समुद्रात बऱ्याच अंशी खरे ठरले.

त्यात ऋतूचाही हात दिसला. उन्हाळ्यात समुद्राचा वरचा थर तापून हलका होतो. खालून वर येणारा झोत वाटेतच थंड, जड पाण्यात मिसळून जड होतो आणि या उबदार थराच्या खाली अडकतो. पृष्ठभागावर काही दिसत नाही. हिवाळ्यात असा थर नसतो, तेव्हा झोत थेट वर येतो. म्हणजे तोटी तीच, सांडपाणी तेच, पण पाणी कुठे जाऊन थांबेल ते महिन्यागणिक बदलते. मुंबईसमोरचा समुद्र बोस्टनच्या मानाने उथळ. झोताला चढायला जागा कमी, शिवाय उधाणाच्या भरतीत पाण्याची पातळी पाच मीटरच्या आसपास वरखाली होते. त्यामुळे इथे सकाळचा आणि दुपारचा अंदाजही वेगळा निघतो.

वरळीसमोरचा एक हिशेब

हे सगळे किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत कसे पोहोचते ते एका ढोबळ हिशेबातून दिसते. प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्यात दर १०० मिलिलिटरला मैल्याचे जीवाणू साधारण एक कोटीच्या घरात असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे आंघोळीसाठी आणि पोहण्यासाठी योग्य समुद्राच्या पाण्यात ते १०० पेक्षा जास्त नसावेत. एक कोटी ते शंभर, म्हणजे एक लाख पटींची उतरण.

समजा, तोटीतून निघून पृष्ठभागावर येईपर्यंत सांडपाणी ५० पट पातळ झाले. उरले दोन लाख. पुढे प्रवाहाबरोबर पसरताना आणखी दहा पट पातळ झाले, उरले २० हजार. नुसत्या पाण्याने पातळ करून शंभरावर येणे कठीण, हे इथेच दिसते. उरलेले काम ऊन आणि मीठ करतात. सूर्यप्रकाशातली अतिनील किरणे आणि समुद्राचा खारेपणा हे मैल्यातल्या जीवाणूंचे शत्रू. दहापैकी नऊ जीवाणू मरायला किती वेळ लागतो, त्यावर हे मोजतात. उष्ण प्रदेशात स्वच्छ उन्हात हा वेळ दोन तासांच्या आसपास धरता येतो, रात्री तो कितीतरी पटींनी वाढतो. इथे वीस तास धरू.

आता प्रवाह. सेकंदाला ३० सेंटिमीटर या बेताच्या वेगाने पाणी सरळ किनाऱ्याकडे आले, तर ३.४ किलोमीटर अंतर तीन तासांहून थोड्या जास्त वेळात कापेल. दुपारी निघालेल्या २० हजार जीवाणूंपैकी किनाऱ्याला पोहोचतील साधारण साडेपाचशे. रात्री निघालेल्यांपैकी जवळपास १४ हजार. प्रत्यक्षात मुंबईजवळचे भरतीचे प्रवाह बहुतेक वेळ किनाऱ्याला समांतर धावतात, म्हणून हा हिशेब वाईटात वाईट परिस्थितीचा. शिवाय चौपाट्यांवरची घाण पातमुखांपेक्षा थेट किनाऱ्यावर उघडणाऱ्या नाल्यांतूनही येते, तिथे तर साडेतीन किलोमीटरची सवलतही नाही. पण आकडेमोडीतला मुद्दा कायम राहतो. पाच-सहा गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्यातली एक बदलली की उत्तर पंचवीस पटींनी बदलते. पावसाळ्यात तर ढगांमुळे ऊन नाही, गढूळ पाण्यामुळे आहे तो उजेड खोल जात नाही आणि नाले दुथडी भरलेले. नेमके त्याच दिवसांत विसर्जनासाठी लाखो माणसे गिरगाव, दादर, जुहूच्या पाण्यात उतरतात.

गुणाकार करण्यापेक्षा पाढे पाठ

या गुंत्याचे गणित करणारी साधने पूर्वीपासून आहेत. १९८०च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेली कॉरमिक्स ही प्रणाली आजही जगभर पातमुखांच्या परवानग्यांसाठी वापरली जाते. गंमत म्हणजे तीसुद्धा त्या काळची कृत्रिम बुद्धिमत्ताच होती. तज्ज्ञ माणूस जसा ‘पाणी उथळ असेल तर असे, प्रवाह जोरात असेल तर तसे’ म्हणत निष्कर्षाकडे जातो, तसे शेकडो नियम तिच्यात भरले होते. अशा प्रणालींना तज्ज्ञ प्रणाली म्हणत. नियम माणसाने लिहायचे, संगणकाने ते पाळायचे.

दुसरा मार्ग अधिक तपशिलाचा. पातमुखाभोवतालच्या पाण्याचे लाखो लहान चौकोनी तुकडे कल्पायचे आणि प्रत्येकात वेग, दाब, क्षार यांची समीकरणे क्षणाक्षणाला सोडवत न्यायची. चित्र फार सुरेख मिळते, पण एका परिस्थितीसाठी शक्तिशाली संगणकही तासन्‌तास, कधी दिवसन्‌दिवस राबतो. पहाटे पाचला ‘आज सकाळी पाण्यात उतरायचे का’ असे विचारणाऱ्याला तीन दिवसांनी उत्तर मिळून काय उपयोग?

मशीन लर्निंगचा पहिला फायदा इथे आहे. संगणकाने आधीच हजारो परिस्थितींची उत्तरे काढून ठेवायची. प्रवाह इतका, खोली इतकी, सांडपाण्याचा वेग इतका, तर पाणी किती पातळ झाले? मग प्रश्न आणि उत्तरांच्या या जोड्या शिकणाऱ्या प्रणालीला दाखवायच्या. ती समीकरणे सोडवत नाही, जोड्यांमधले वळण ओळखते. लहानपणी गुणाकार करण्यापेक्षा पाढे पाठ करणे सोपे जायचे, तसेच. एकदा पाढे पाठ झाले की उत्तर क्षणात. आणि क्षणात मिळत असल्याने एकच उत्तर मागायची गरज उरत नाही. वारा थोडा फिरला तर, पाऊस तासभर आधी आला तर, अशा हजार शक्यता तपासून ‘पाणी खराब असण्याची शक्यता ७० टक्के’ असे सांगता येते. हवामानाच्या अंदाजाप्रमाणेच.

शिकवणीची सामग्री संगणकातूनच यावी असे नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत चमकणारे रंगद्रव्य मिसळलेला झोत सोडतात, त्यावर लेसरचा पातळ पडदा टाकतात आणि कॅमेऱ्याने कणाकणाची विरलता टिपतात. वीतभर उंचीच्या झोतावरून समुद्राबद्दल कसे बोलायचे, ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर विल्यम फ्रूड या १९व्या शतकातील इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकात आहे. झोताला बाहेर ढकलणारा जोर आणि वजनातल्या फरकामुळे त्याला वर किंवा खाली खेचणारी ओढ, यांचे हे गुणोत्तर. टाकीत आणि समुद्रात हा अंक सारखा ठेवला की दोन्हीकडचे झोत सारखे वागतात. पाण्याच्या प्रतिकृतींचे हे शास्त्र महाराष्ट्राला नवे नाही. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून त्यावरच उभे आहे.

या अंकाची ताकद दिसते ती खाऱ्या झोतांच्या बाबतीत. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांतून जे पाणी परत समुद्रात जाते ते जवळपास दुप्पट खारे, म्हणून जड असते. ते वर चढत नाही, तळाशी बसते. म्हणून ते कारंज्यासारखे तिरपे वर उडवतात. जॉर्जिया टेक या संस्थेतील फिलिप रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ६० अंशांनी सोडलेल्या झोतांचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचे सूत्र इतके सुटसुटीत की कागदाच्या चिटोऱ्यावर मावावे. झोत परत तळाला टेकतो तिथली विरलता फ्रूड अंकाच्या १.६ पट आणि त्याची सर्वाधिक उंची तोटीचा व्यास गुणिले फ्रूड अंक यांच्या २.२ पट. फ्रूड अंक २० आणि तोटी १५ सेंटिमीटरची असेल तर खारे पाणी ३२ पट पातळ होईल आणि झोत ६.६ मीटर उंच उडेल. मुंबईत मनोरी येथे दिवसाला २०० दशलक्ष लिटर क्षमतेचा असा प्रकल्प प्रस्तावित आहे. उथळ पाण्यात साडेसहा मीटरचे कारंजे मावेल का, हा प्रश्न या एका ओळीच्या सूत्रातूनच पुढे येतो.

मात्र हे सूत्र शांत पाण्यातल्या, एकट्या झोताचे. वाहत्या पाण्यात, शेजारी शेजारी दहा तोट्या असताना, तळ उतरता असताना ते पुरत नाही. तिथे शिकणाऱ्या प्रणाली कामाला येतात. त्यातला एक प्रकार विशेष वेधक आहे. त्याला जेनेटिक प्रोग्रामिंग म्हणतात. संगणक आधी शेकडो वेड्यावाकड्या सूत्रांची एक पिढी तयार करतो. जी सूत्रे प्रयोगातल्या आकड्यांच्या जवळ जातात ती ठेवतो, त्यांच्यात अदलाबदल करून पुढची पिढी घडवतो आणि असे करत करत चांगले सूत्र ‘पैदा’ करतो. कॅनडातील ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ही पद्धत बाजूंनी बंदिस्त जागेत उभ्या सुटणाऱ्या हलक्या झोतांसाठी वापरली. इथे हाती एक लिहिता येईल असे सूत्र येते. अभियंता ते वाचू शकतो, त्यात व्यास वाढवला तर काय होईल ते पाहू शकतो, चूक दिसली तर बोट ठेवू शकतो. न्यूरल नेटवर्कमध्ये हजारो आकड्यांच्या जंगलात कारण हरवून जाते. ज्या आकड्यावर परवानगी किंवा नकार अवलंबून आहे तो का आला, हे विचारायचा हक्क किनाऱ्यावर राहणाऱ्या कोळ्याला असलाच पाहिजे. त्या दृष्टीने थोडे कमी अचूक पण वाचता येणारे सूत्र पुष्कळदा बरे.

नव्वद टक्के अचूक, आणि तरीही निरुपयोगी

प्रत्यक्ष किनाऱ्यांवर असे अंदाज द्यायला सुरुवात होऊन बरीच वर्षे झाली. अमेरिकेत ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठावरील हंटिंग्टन चौपाटीसाठी २००६ पासून पाण्याचा गढूळपणा, पाऊस, लाटांची उंची यांवरून रोजचा अंदाज जाहीर होऊ लागला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ‘व्हर्च्युअल बीच’ नावाची संगणक प्रणाली यासाठी खुली केली. शिकागोने आणखी एक युक्ती केली. काही तासांत उत्तर देणारी पण महागडी डीएनए चाचणी मोजक्या चौपाट्यांवर करायची आणि त्यावरून बाकीच्या चौपाट्यांचा अंदाज बांधायचा. न्यूझीलंडमधील ऑकलंडने २०१७ मध्ये आपली ‘सेफस्विम’ सेवा नव्याने सुरू केली. जुन्या नमुना-तपासणीऐवजी तिथे त्या वेळच्या स्थितीचा अंदाज संकेतस्थळावर दिसतो. हाँगकाँगमध्येही झोतांच्या गणितावर आधारित चौपाट्यांचा दैनंदिन अंदाज विकसित झाला आहे.

या अनुभवांतून पुढे आलेला धडा मजेदार आहे. समजा, एखाद्या चौपाटीवर १०० दिवसांपैकी १० दिवस पाणी खराब असते. रोज डोळे मिटून ‘पाणी चांगले’ म्हणणारी प्रणाली ९० टक्के अचूक ठरेल! आणि ज्या दहा दिवसांसाठी ती हवी होती, त्यातला एकही दिवस पकडणार नाही. म्हणून ‘आमची प्रणाली ९० टक्के अचूक’ असे कुणी सांगितले की पुढचा प्रश्न विचारायचा. खराब दिवसांपैकी किती पकडले? आणि चांगल्या दिवशी उगाच किती वेळा धोक्याची घंटा वाजवली? फुकाची घंटा वाजत राहिली की लोक फलकाकडे बघणे सोडतात, हाही तोटाच.

शिवाय तुलना कशाशी, हेही पाहायला हवे. ‘काल जे होते तेच आज’ हा अडाणी अंदाज कोणतीही यंत्रणा न लावता फुकट मिळतो. नव्या प्रणालीने निदान त्याला तरी हरवायला हवे.

संशोधनाच्या कागदांवरही जपून वाचण्याजोगी एक जागा आहे. एकाच प्रयोगात झोताच्या शेकडो ठिकाणी मोजमाप होते. त्यातली काही मापे शिकवायला आणि काही परीक्षेला अशी सरमिसळ वाटून दिली, तर परीक्षेतला प्रत्येक प्रश्न शिकवलेल्या प्रश्नाचा सख्खा शेजारी असतो. मग गुण ९९ टक्के पडतात, त्यात नवल नाही. खरी परीक्षा म्हणजे एक अख्खा प्रयोग, एक अख्खा पावसाळा किंवा एक अख्खी चौपाटी शिकवणीतून बाजूला ठेवायची आणि मग विचारायचे. अशा वेळी गुण उतरतात. ते उतरलेले गुणच खरे.

आणि शिकणाऱ्या प्रणालीला न पाहिलेल्या परिस्थितीचे वावडे असते. शांत समुद्राच्या नोंदींवर शिकलेली प्रणाली वादळाच्या दिवशीही तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देते. पाढे वीसपर्यंतच पाठ असलेल्या मुलाने सत्तावीस साते विचारल्यावर काहीतरी ठोकून द्यावे, तसे. समीकरणे निदान वस्तुमान हरवू देत नाहीत. जेवढा मैला आत गेला तेवढा हिशेबात राहतो. नुसत्या नोंदींवर शिकलेल्या प्रणालीला हा नियम ठाऊक नसतो. ती कधी कधी शून्यापेक्षा कमी जीवाणूही दाखवते. यावर उपाय म्हणून निसर्गाचे नियम शिकवणीतच घालण्याची पद्धत रुळते आहे. अमेरिकेतील माझियार रैसी, पॅरिस पर्डिकारिस आणि जॉर्ज कार्नियाडाकिस यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रणालीचे उत्तर नोंदींपासून दूर गेले तर जसा दंड बसतो, तसाच ते प्रवाहाच्या समीकरणांपासून दूर गेले तरी बसतो. नोंदी विरळ असतील तिथे नियम सांभाळून घेतात.

भारतीय किनाऱ्याची मूळ अडचण हीच आहे, विरळ नोंदी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ चौपाट्यांच्या पाण्याचे नमुने ठरावीक काळाने तपासते. दीर्घकाळाचा कल कळायला ते उपयोगी आहे. पण मशीन लर्निंगला तासातासाची साखळी लागते. पंपिंग स्टेशनमधून त्या तासाला किती मैलापाणी गेले, भरतीची कोणती वेळ होती, प्रवाह कोणत्या दिशेला होता, ऊन होते की ढग, आणि त्याच वेळचा पाण्याचा नमुना. यातला पाऊस आणि भरती आज सहज मिळते. पातमुखाजवळचा प्रवाह आणि क्षारता सतत मोजणारी तरंगती यंत्रे लावावी लागतील. शिकवायला वादळी पावसाच्या रात्रीचे नमुनेही लागतील, आणि तेच गोळा करणे सर्वांत अवघड. कोणती प्रणाली निवडायची यावर चर्चा पुष्कळ होते. खर्च मात्र मोजमापावर होतो, आणि तो रोज करावा लागतो.

मुंबईत या नोंदी सुरू करायच्या तर वेळ हीच आहे. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची नवी मलजल प्रक्रिया केंद्रे उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे भूमिपूजन झाले. ती पूर्ण क्षमतेने चालू लागली की वरळीच्या बोगद्यातून निघणाऱ्या पाण्यात जीवाणूंचा आकडा एक कोटीवरून फार खाली येईल आणि वरच्या हिशेबातली पहिलीच ओळ बदलेल. आजच्या मैलापाण्यावर शिकलेली कोणतीही प्रणाली त्या दिवशी जुनी होईल. तिला नव्या पाण्यावर पुन्हा शिकवावे लागेल. आणि नव्या केंद्रांनी नेमका किती फरक पडला हे सांगायचे, तर ती सुरू होण्याआधीच्या एक-दोन पावसाळ्यांच्या तासातासाच्या नोंदी तुलनेला हाताशी असाव्या लागतील.